खासगीत गाडी विकली, पण आरसीवर नाव आपलंच: हक्क, जबाबदाऱ्या आणि भांडणं

रानवाटा (नाशिक)

नमस्कार मंडळी. हा धागा मावशीसाठी काढतेय, पण असे प्रसंग आजूबाजूला इतके दिसतात की अनेकांच्या कामी येईल असं वाटतं.

मावशीने दिवाळीच्या सुमारास तिची पेट्रोल स्विफ्ट विकली. ऑनलाइन जाहिरात बघून आलेले एक गृहस्थ, मध्ये एजंट नाही, डीलर नाही. पूर्ण रक्कम आरटीजीएसने खात्यात जमा झाली, मगच चावी दिली. नोटरीसमोर करार केला, फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करण्याचे आरटीओचे कागद) सह्या झाल्या, मूळ आरसी त्यांनी नेली. "आठ-दहा दिवसांत नावावर करून घेतो काकू," असं म्हणून गेले.

आता मार्च संपत आला. परिवहनच्या साइटवर गाडी अजून मावशीच्याच नावावर दिसते. समृद्धीवर वेग ओलांडल्याची चलान तिच्या मोबाइलवर येताहेत. गेल्या आठवड्यात तर पोलीस ठाण्यातून फोन आला: तुमच्या गाडीने एका दुचाकीला धडक दिली, चालवत कोण होतं? मावशी पासष्टीची, एकटी राहते. तिला रात्र-रात्र झोप नाही. आम्ही त्या गृहस्थांना फोन केला तर त्यांनी उलटीच तक्रार काढली. गिअरबॉक्समधून आवाज येतो, चाळीस हजार परत द्या, मग नावावर करतो.

पैसे मिळाले, गाडी दिली, करार झाला. तरी कायद्याने गाडी अजून मावशीचीच का? आणि हे चाळीस हजार मागायचा त्यांना अधिकार आहे का?

चाकोरी (पुणे)

ताई, मावशींना सांगा निर्धास्त राहा. नोटरी केलेला करार आणि बँकेची नोंद आहे ना? मग मालकी गेली. पोलिसांना कराराची झेरॉक्स द्या, पुढचं तो माणूस बघेल. मी आजवर गाड्या अशाच विकल्या, कधी कोणी विचारलं नाही.

तळटीप (कोल्हापूर)

चाकोरी, तुमच्या बाबतीत कोणी विचारलं नाही कारण त्या गाड्यांचा अपघात झाला नाही. मी मोटार अपघात दाव्यांची वकिली करतो, त्यामुळे दुसरी बाजू रोज बघतो. या सल्ल्यावर कोणी विसंबू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. कर्जाची किंवा लीजची गाडी असेल तर ती ज्याच्या ताब्यात आहे तो मालक धरतात. साध्या विक्रीला ही सवलत नाही. गाडी कोणाच्या पार्किंगमध्ये उभी आहे, पेट्रोल कोण भरतं, याला अपघाताच्या दाव्यात किंमत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हे अगदी स्पष्ट केलं. त्यात एका माणसाने गाडी विकली, घेणाऱ्याने ती पुढे विकली, तिथून आणखी पुढे गेली. आरसीवर मात्र पहिल्याचंच नाव राहिलं. गाडी मागे घेताना अपघात झाला आणि एक मुलगा दगावला. उच्च न्यायालयाने साखळीतल्या नंतरच्या खरेदीदाराला जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या माणसावर टाकली. न्यायालयाचं म्हणणं असं, की नोंदच न झालेल्या विक्र्यांचा माग काढत फिरण्याचं काम अपघातात माणूस गमावलेल्या घरावर लादता येणार नाही. निकाल वाचताना मलाही पहिल्या मालकाबद्दल वाईट वाटलं होतं, पण मेलेल्या मुलाच्या घरच्यांच्या बाजूने विचार केला तर दुसरा मार्ग दिसत नाही.

चाकोरी (पुणे)

तळटीप, माहितीबद्दल आभार, पण एक पटत नाही. वस्तुविक्री कायदा १९३० प्रमाणे किंमत दिली आणि वस्तू ताब्यात दिली की मालकी जाते. गाडी ही जंगम वस्तूच आहे. मग दोन कायदे दोन गोष्टी कशा सांगतात?

तळटीप (कोल्हापूर)

प्रश्न रास्त आहे आणि सगळा घोळ इथेच होतो. दोन्ही खरं आहे. मावशी आणि तो खरेदीदार या दोघांपुरती मालकी गेलेली आहे. उद्या मावशीने दुसऱ्या चावीने गाडी आणली तर तिच्यावरच गुन्हा होईल. पण तिसऱ्या माणसासाठी, म्हणजे त्या दुचाकीस्वारासाठी, पोलिसांसाठी, चलान फाडणाऱ्या कॅमेऱ्यासाठी, मालक आरसीवरचाच. डॉ. टी. व्ही. जोस विरुद्ध चाको पी. एम. या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक सांगितला आणि २०१८ च्या निकालातही तो कायम ठेवला.

तेव्हा मावशींनी आधी पोलिसांचं काम उरकावं. कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं याची माहिती पोलिसांनी मागितली तर ती देणं मालकाचं कर्तव्य आहे. फोनवर बोलून सोडू नका. लेखी अर्ज द्या: अमुक तारखेला, अमुक वाजता गाडी अमुक व्यक्तीच्या ताब्यात दिली, सोबत करार, बँकेचा उतारा, त्यांच्या आधारची प्रत, मोबाइल नंबर. ठाण्याचा आवक शिक्का असलेली प्रत घरी ठेवा. गाडी त्या माणसाचा अल्पवयीन मुलगा चालवत असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. आपल्याला माहीत नव्हतं, हे सिद्ध करण्याचा भार मालकावरच पडतो.

दुसरं, विमा चालू आहे ना ते आजच बघा. चालू असेल तर दुचाकीस्वाराची भरपाई विमा कंपनीकडून होईल. चालकाकडे लायसन्स नसेल तर मात्र कंपनी आधी भरते आणि नंतर मालकाकडून वसूल करायला येते.

रानवाटा (नाशिक)

तळटीपदादा, खूप आभार. पॉलिसी जूनपर्यंत आहे. मावशी ती रद्द करून उरलेले पैसे मागायच्या विचारात होती.

तळटीप (कोल्हापूर)

अजिबात रद्द करू नका! नाव बदलायच्या आधी पॉलिसी रद्द केली तर अपघाताचे लाखो रुपये मावशींच्या खिशातून जातील.

पुष्पा विरुद्ध शकुंतला हा २०११ चा निकाल बघा. ट्रक फेब्रुवारी १९९३ मध्ये विकला, अपघात मे १९९४ मध्ये झाला. मधल्या काळात विमा पुन्हा काढला गेला तो जुन्या मालकाच्याच नावाने. जबाबदारी जुन्या मालकावर आली, पण पॉलिसी होती म्हणून पैसे भरायला विमा कंपनी पुढे आली. उद्या जून उजाडला आणि गाडी तरी मावशींच्याच नावावर असली, तर निदान थर्ड पार्टी पॉलिसी स्वतः भरून टाका. हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीला २०२२ च्या दराने ३,४१६ रुपये अधिक कर. विकलेल्या गाडीचा विमा आपण भरायचा हे जिवावर येतं, मला कळतं. पण एका अपघाताच्या दाव्यापुढे ही रक्कम काहीच नाही.

खिडकी नंबर चार (ठाणे)

आरटीओच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून कागदाचं मी सांगतो.

लोक २९ आणि ३० एकाच नाण्याच्या दोन बाजू समजतात. तसं नाही. फॉर्म २९ ही विकणाऱ्याची सूचना. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकल्यापासून १४ दिवसांत ती आरटीओला देणं विकणाऱ्याचं काम आहे, कलम ५०. फॉर्म ३० हा नाव चढवण्याचा अर्ज आणि तो ३० दिवसांत करणं घेणाऱ्याचं काम. आपल्याकडे सर्रास काय होतं, विकणारा दोन्हींवर सह्या करून गठ्ठा घेणाऱ्याच्या हातात देतो. म्हणजे स्वतःचं २९ सुद्धा त्याच्याच भरवशावर. तो गठ्ठा डॅशबोर्डच्या खणात पडून राहतो. पुढचं गिऱ्हाईक मिळालं की त्याच सह्यांवर गाडी पुढे जाते, मधल्या माणसाचं नाव कुठेच येत नाही. तळटीप यांनी सांगितलेली साखळी तयार होते ती अशी.

मावशींनी आता नव्याने २९ भरावा. करार, आयडी आणि पैसे मिळाल्याचा पुरावा जोडून आपल्या आरटीओत आवकला द्यावा, शिवाय स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावा. एक प्रत खरेदीदारालाही. उशिराचा दंड लागला तर भरून टाका. पण याने आरसीवरचं नाव बदलत नाही, हे लक्षात ठेवा. आपण कळवलं होतं याचा पुरावा तेवढा तयार होतो.

आणि सगळ्यांनाच सांगतो: १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलेली नसेल तर महाराष्ट्रात हस्तांतरणाचं काम अडतं. कर्ज फिटलं असलं तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवलेला नसला की अडतं. जुनी चलान थकली असली तरी अडतं. खरेदीदार "आरटीओत काम होत नाही" म्हणतो तेव्हा यातलं काही विकणाऱ्याच्या बाजूने राहिलं नाही ना, हे आधी तपासा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मी घेणाऱ्यांच्या बाजूने बोलते. प्रत्येक खरेदीदार लबाड नसतो हो. २०२१ च्या जुलैत आमच्या गावात पाणी शिरलं तेव्हा शेकडो गाड्या टपापर्यंत बुडाल्या. विमा कंपन्यांनी टोटल लॉस केलेल्या गाड्या लिलावात गेल्या, धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून बाजारात आल्या. माझ्या भावाने तशीच एक गाडी दुसऱ्या जिल्ह्यातून घेतली. विकणारा म्हणाला, "डॉक्टरची गाडी, पावसात बाहेर काढलेली नाही." पहिल्या महिन्यात छान चालली, नंतर सिग्नलला उभी असताना काचा आपोआप खाली यायला लागल्या. वायरिंगमध्ये गंज.

गावातल्या मेकॅनिकने दाखवलं ते सांगते, म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढायचा. रोजच्या वापरात बाहेर येत नाही तो टोकाचा वीतभर पट्टा बघायचा. भावाच्या गाडीत त्यावर तांबूस रेघ होती, पाणी जिथवर चढलं तिथवरची. मग सीट पुढे सरकवून रुळाचे बोल्ट बघायचे आणि स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात बोट फिरवायचं. बारीक पोयटा हाताला लागतो. कितीही धुवा, तो राहतो.

भावाला काय हक्क आहे? ग्राहक आयोगात जाता येईल का?

तळटीप (कोल्हापूर)

वाशिष्ठीकाठ, तुमचा आणि रानवाटांचा प्रश्न एकाच नियमावर येऊन थांबतो, म्हणून एकत्र उत्तर देतो.

स्वतःची वापरलेली गाडी एकदाच विकणारा माणूस व्यापारी नाही. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार सहसा टिकत नाही, दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तोच माणूस गाड्या घेऊन विकण्याचा धंदा करत असेल तर चित्र बदलतं, मग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. भावाचा विक्रेता खरंच डॉक्टर होता की "डॉक्टरची गाडी" म्हणून विकणारा दलाल, हे आधी शोधा.

दर्जाबद्दल मूळ नियम वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे: घेणाऱ्याने बघून घ्यावं. कायदा आपणहून हमी घालत नाही. गिअरबॉक्स पाच महिन्यांनी वाजायला लागला, गाडी घेताना चालवून बघितली होती, करारात "आहे त्या स्थितीत" असं लिहिलं आहे, तर चाळीस हजारांचा दावा मला अगदी कच्चा वाटतो. नावावर करून घेणं हे त्यांचं कायदेशीर काम आहे. ते ओलीस धरून पैसे मागता येत नाहीत.

पण "बघून घ्या" म्हणजे "फसवा" नव्हे. करार कायदा १८७२ चं कलम १७ फसवणुकीचं आहे. माहीत असलेली गोष्ट दडवली, मीटर मागे फिरवला, पुरात बुडालेली गाडी कोरडी म्हणून सांगितली, तर घेणाऱ्याला करार रद्द करून पैसे मागता येतात किंवा गाडी ठेवून नुकसानभरपाई मागता येते. जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीत पोलिसांकडेही जाता येतं. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतं, जुनं ४२०. विक्रेत्याचे व्हॉट्सअॅप मेसेज आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. "नॉन-ॲक्सिडेंटल, पाण्यात न गेलेली" असं त्याने लिहिलं असेल तर तोच सगळ्यात मोठा पुरावा. जुन्या विमा कंपनीकडच्या दाव्याची आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंदही मागवा.

आणि गाडी वापरणं थांबवा. दोष कळल्यावरही महिनोन् महिने चालवत राहिलात तर तुम्ही ती स्वीकारलीत असं समोरचा वकील म्हणेल आणि न्यायालय ते ऐकेल.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे! आजच भावाला सांगते. मनापासून आभार.

आंबोलीचा पाऊस (सावंतवाडी)

आमच्याकडे अर्धा तालुका गोव्याची गाडी घेतो. जीए-०३ ची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेतात आणि तशीच चालवतात. राज्याबाहेरचा व्यवहार असेल तर नियम वेगळा आहे ना?

खिडकी नंबर चार (ठाणे)

हो. आधी फॉर्म २८ वर गोव्याच्या आरटीओची एनओसी. राज्याबाहेर विकताना विकणाऱ्याला १४ ऐवजी ४५ दिवस मिळतात. मग एमएच-०७ ला (सिंधुदुर्ग) नोंदणी, इथला रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार, नवा नंबर. दुसऱ्या राज्याचा नंबर १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवता येत नाही, कलम ४७. टॅक्सचा आकडा काढल्याशिवाय "स्वस्त" म्हणू नका. आणि गोव्याच्या मालकाने एनओसी काढून हातात दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पुढे तो फोन उचलेनासा झाला तर गाडी दारात आणि कागद पणजीला.

दूरदेशी (न्यू जर्सी)

माझी गाडी चिंचवडला दादाकडे आहे, विकायची आहे. दादा म्हणतो, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून पाठव. वरचं सगळं वाचून धास्तीच वाटतेय.

खिडकी नंबर चार (ठाणे)

कोऱ्या फॉर्मवर सही नको, दादा कितीही सख्खा असला तरी. तो चांगला आहे, पण तो फॉर्म पुढे कोणाच्या हातात जाईल ते त्याच्याही हातात नाही. दादाच्या नावे फक्त या गाडीपुरतं कुलमुखत्यारपत्र वकिलातीतून साक्षांकित करून पाठवा. आणि आधारला जोडलेला भारतातला मोबाइल नंबर चालू आहे ना ते बघा, ऑनलाइन अर्जाला ओटीपी लागतो.

घाटमाथा (सातारा)

डीलरला विकणाऱ्यांसाठी एक भर घालतो. हे फारसं कोणाला माहीत नाही आणि फार कामाचं आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमांत जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरची सोय झाली आहे. गाडी अशा डीलरला देताना फॉर्म २९सी पोर्टलवर भरायचा. तो भरला की पुढे गिऱ्हाईक मिळेपर्यंत डीलरच मालक समजला जातो आणि गाडीतून जे घडेल त्याला तोच जबाबदार. पण डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र असेल तरच. फ्लेक्स लावून बसलेल्या प्रत्येकाकडे ते नसतं. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा आणि पत्र डोळ्यांनी बघा. टाळाटाळ केली तर गाडी घेऊन घरी या.

चाकोरी (पुणे)

तळटीप, पटलं. माझी पुढची गाडी विकायची आहे. करारात नक्की काय घालायचं आणि पैशांचं काय?

तळटीप (कोल्हापूर)

करार तिसऱ्या माणसाविरुद्ध ढाल होत नाही. पण तुम्हाला भरावे लागलेले पैसे खरेदीदाराकडून परत मिळवायला तोच लागतो. म्हणून त्यात ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, अगदी मिनिटासह, लिहा. ताब्यानंतरची चलान, अपघात, दावे सगळं खरेदीदाराचं आणि विक्रेत्याला काही भरावं लागलं तर तो भरून देईल, असं हमीचं कलम घाला. मीटरचं वाचन, तुम्हाला माहीत असलेले दोष, झालेले अपघात स्वतःहून लिहून त्यावर त्याची सही घ्या. दोष लिहिला की भाव पडेल अशी भीती वाटते, पण लिहिलेल्या दोषावर उद्या कोणी फसवणुकीचा आरोप करू शकत नाही.

मी अशिलांना एकच आग्रह करतो: किमतीचा मोठा भाग घ्या, अर्ज दोघांनी मिळून पोर्टलवर भरा, पावती निघाली की उरलेली रक्कम आणि चावी. नाव चढवण्याचं शुल्क आपण भरावं लागलं तरी चालेल, पण अर्ज आपल्या डोळ्यांसमोर व्हावा.

रोखीत २ लाख किंवा त्याहून जास्त घेऊ नका, आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड आहे. चेक घेतलात तर वटेपर्यंत गाडी हलू देऊ नका. वटला नाही तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला १५ दिवस, मग महिन्याभरात चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची तक्रार. या मुदती चुकल्या की हातातलं हत्यार गेलं.

रानवाटा (नाशिक)

ताजी खबर. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, शिक्का घेतला. दुचाकीस्वाराला फक्त खरचटलं आहे, देवाची कृपा. २९ आरटीओत आवक झाला. ओळखीच्या वकिलांनी पंधरा दिवसांची नोटीस काढली: नावावर करून घ्या, नाहीतर तसा आदेश आणि नुकसानभरपाई मागायला दिवाणी न्यायालयात येतो. चाळीस हजारांचा मुद्दा त्यांनी दोन ओळींत फेटाळला. नोटीस पोचल्यावर त्या गृहस्थांचा मुलगा फोनवर बोलला, सोमवारी ऑनलाइन अर्ज भरतो म्हणाला. ओटीपी मावशीच्या मोबाइलवर येईल, तेव्हा आम्ही तिच्याजवळ बसणार आहोत. चलानांबद्दल महाट्रॅफिक ॲपवर करारासह तक्रार नोंदवली आहे.

अजून दोन गोष्टी विचारते. फास्टॅग मावशीच्याच खात्याला जोडलेला आहे, त्याचं काय? आणि तिला ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विमा हप्त्यात मिळणारी सूट) होता, तो गाडीबरोबर गेला का?

घाटमाथा (सातारा)

फास्टॅग आजच बँकेला सांगून बंद करा, टोल तुमच्या खात्यातून जातोय. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आरसीवर नाव बदललं की नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला द्या आणि बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागा. ते तीन वर्षं चालतं. तेवढ्या मुदतीत मावशींनी नवी गाडी घेतली तर तिच्या विम्यावर तो ५० टक्के मिळेल. आणि तो मुलगा सोमवारी अर्ज भरतोय तर त्याला हेही सांगा, की पॉलिसी आपल्या नावावर करायला गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. ते केल्याशिवाय त्याच्या गाडीचं नुकसान झालं तर कंपनी त्याला एक पैसा देणार नाही.